पंचवीसपैकी अकरावी प्रत

खात्याने नव्या वर्षापासून भिंतीवर टांगायची कॅलेंडरं छापणं बंद केलं, आणि साक्षांकन अधिकारी असलेल्या साहेबांच्या घरी, बैठकीच्या खोलीतला एक खिळा रिक्त झाला.

घटना किरकोळ वाटेल, पण त्या खिळ्याने एकवीस वर्षं अखंड सेवा केली होती. दरवर्षी जुनं कॅलेंडर उतरायचं, नवं चढायचं, आणि दोहोंच्या मधल्या अर्ध्या मिनिटापलीकडे तो खिळा कधी मोकळा राहिला नव्हता. आता तो मोकळा झाला आणि त्याच्या खाली भिंतीचा एक चौकोन उघडा पडला. आजूबाजूची भिंत पिवळट झालेली, आणि हा चौकोन मात्र कालच रंगवल्यासारखा. साहेबांच्या बायकोने तो पहिल्या दिवशी पाहिला, दुसऱ्या दिवशी पाहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, तिथं एखादं छानसं चित्र लावू या."

बाईंनी लग्नानंतर आजवर घरासाठी जे जे मागितलं होतं, ते कुकर, पाण्याची टाकी, गाद्या असं गरजेचं होतं. नुसतं बघायला म्हणून काही मागण्याची ही पहिलीच वेळ. बत्तीस वर्षं त्या गाड्यांच्या स्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसल्या होत्या. समोर लोखंडी जाळी, जाळीपलीकडे घाईला आलेले चेहरे, आणि प्रत्येक चेहऱ्याचा एक प्रश्न. महिन्यापूर्वी त्या निवृत्त झाल्या. आता सकाळचा चहा बसून प्यायला मिळत होता, आणि बसलं की नजर सरळ त्या चौकोनावर जायची.

साहेबांच्या कामाचं स्वरूपही इथे सांगून ठेवलेलं बरं. लोक त्यांच्याकडे मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स घेऊन येत. साहेब झेरॉक्सवर जांभळा गोल शिक्का मारत, शेजारी 'मूळ प्रतीवरून पडताळले' असं लिहीत आणि सही करत. दिवसाला दोनशे कागद तरी होत. दोनशे वेळा मूळ प्रत बघत बसलं तर खातं चालायचं कसं? म्हणून साहेब मूळ प्रत बघत नसत. त्यामुळे खातं उत्तम चाललं होतं. हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे 'सत्यप्रत' म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. प्रस्तुत लेखकाच्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवरही त्यांचाच शिक्का आहे. तिच्यावरचे गुण नेमके कोणाचे, हा प्रश्न कृपया कोणी उपस्थित करू नये.

तर चित्र घ्यायला साहेबांची ना नव्हती. पण घ्यायचं म्हटल्यावर त्यांना धाकटा मेहुणा आठवला आणि ते सावध झाले.

मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी एक चित्र घेतलं होतं. 'हातचं काम आहे, दाजी,' असं सांगून त्याने सगळ्या गोतावळ्याला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, पानं उचलली गेली, आणि आलेल्या पाहुण्यांतल्या एका छापखानेवाल्याने खिशातून भिंग काढून चित्राला लावलं. "ठिपके आहेत," तो म्हणाला. "हे हातचं नव्हे, ऑफसेटचं आहे. बहुतेक माझ्याच मशीनवर निघालेलं आहे. चार हजार काढली होती." तेव्हापासून मेहुण्याने साधा शर्ट घेतला तरी घरातलं कोणी ना कोणी विचारतं, "ठिपके बघितलेस ना रे?" त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने साहेब हसले होते. असं हसून बसलेल्या माणसाला पुढे स्वतःला फार जपावं लागतं.

चित्र सापडलं ते अगदी सहज. नातवाच्या फोटोची काच फुटली होती, म्हणून दोघं फ्रेमवाल्याकडे गेले. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना फ्रेमच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, मध्ये लाकडाच्या भुशाचा वास, आणि कानावर पेन्सिल खोचलेला फ्रेमवाला. बाई काचेचं माप सांगत होत्या, ते सांगता सांगता मध्येच थांबल्या. कोपऱ्यात टेबलाला टेकवून एक चित्र ठेवलेलं होतं. बाई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जाळीच्या मागे बसून ज्या बाईने बत्तीस वर्षांत एका प्रश्नाला दोन सेकंदांच्या वर वेळ दिला नव्हता, ती बाई चांगली पाच मिनिटं तिथे हलली नाही.

"अहो, हे बघा ना," त्या हळूच म्हणाल्या. "यात ते—"

"हात लावू नकोस," साहेब म्हणाले आणि फ्रेमवाल्याकडे वळले. "हे हातचं आहे की छापील?"

"छापील आहे, साहेब."

"म्हणजे नक्कल."

"नक्कल नाही. मूळ आहे."

"छापील आणि मूळ?"

"हो."

"असे किती आहेत?"

"पंचवीस."

"त्यातला मूळ कोणता?"

"पंचवीसही मूळच."

साहेबांनी बसायला खुर्ची मागितली. उभ्या हयातीत त्यांनी एका मुळाच्या पंचवीस प्रती पाहिल्या होत्या. पंचवीस मुळं आणि प्रत एकही नाही, अशी केस त्यांच्या टेबलावर कधी आली नव्हती.

फ्रेमवाला भला माणूस. त्याने काच कापायचं बाजूला ठेवलं आणि समजावून सांगितलं. कोणी लाकडाच्या फळीवर कोरून ठसा काढतं. कोणी दगडावर तेलकट खडूने काढून तो दगड छापतं, त्याला शिळाछाप म्हणतात. कोणी ताणलेल्या जाळीतून रंग दाबतं. प्रत्येक प्रत कलाकार स्वतः छापतो, मोजून छापतो, आणि म्हणून ती प्रत्येक मूळ. मेहुण्यासारखी माणसं घेतात ती कारखान्यातली, चित्राचा फोटो काढून हजारांनी छापलेली. शिवाय हल्ली कॉम्प्युटरच्या प्रिंटरमधूनही काढतात. त्याला एक परदेशी नाव ठेवलं की त्याच प्रिंटरमधून आलेला कागद दुप्पट किमतीला जातो.

"आणि हे?"

"हे तांब्याच्या पत्र्यावरचं. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने मेण खरवडून रेघा काढायच्या, मग ॲसिडात बुडवायचं. ॲसिड फक्त रेघा खातं. त्यात शाई भरायची आणि ओल्या कागदावर दाबून काढायचं. हे बघा, कडेने पत्र्याचा दाब उमटलाय. बोट फिरवून बघा. आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय, पंचवीसपैकी अकरा. उजवीकडे चित्रकार बाईंची सही."

"सही पेन्सिलीने?"

"तशी रीतच आहे, साहेब."

"आमच्या खात्यात पेन्सिलीची सही ग्राह्य धरत नाहीत."

"घेऊ या ना हो," बाई म्हणाल्या. त्या अजून चित्रासमोरच उभ्या होत्या. "मला खरंच फार आवडलंय. सकाळी चहा घेताना समोर हे असलं ना, की—"

"घेणारच आहोत. पण आधी समजून घेऊ दे." साहेब उठले. "आठ दिवस राखून ठेवा. कोणाला देऊ नका."

"ही शेवटचीच राहिलीय. बाकीची चोवीस गेली," फ्रेमवाला म्हणाला. बाईंकडे पाहून त्याने चित्र आत नेऊन ठेवलं.

त्या आठ दिवसांत साहेबांनी जो अभ्यास केला, तो शाळेत केला असता तर ते आज खात्याचे सचिव असते. त्यांनी वाचनालयातून तीन जाड पुस्तकं आणली. एक फाइल उघडली आणि तिच्यावर 'विषय: रिक्त खिळ्यावर चित्र बसविणेबाबत' असं लिहिलं. मुद्राचित्रांचे प्रकार, प्रत्येकाची ओळखचिन्हं, संभाव्य फसवणुकी आणि त्यावरील उपाय असा तक्ता केला. दहा पट मोठं दाखवणारं भिंग विकत आणलं. मग ते भिंग कागदावर, कपड्यावर, साबणाच्या वेष्टनावर, दिसेल त्यावर लागू लागलं. वर्तमानपत्रातल्या पुढाऱ्याच्या गालावर ठिपके आढळले. साहेबांनी तशी नोंद केली. नातवाच्या फोटोत दाणे आढळले. लग्नातल्या फोटोत बायकोच्या चेहऱ्यावर चार मिनिटं भिंग धरून त्यांनी 'ठिपके नाहीत, रसायनात धुतलेला, अस्सल' असा शेरा मारला.

"कशी दिसत होते हो मी तेव्हा?" बाईंनी विचारलं.

"तेवढं भिंगातून कळत नाही," साहेब म्हणाले. ते खरंच बोलत होते.

नवव्या दिवशी ते सतरा मुद्द्यांची प्रश्नावली घेऊन दुकानात गेले. कागदात कापसाचं प्रमाण किती, शाई उन्हात विटते का, दाबाची खोली सर्व बाजूंनी समान का नाही, असे ते मुद्दे होते. फ्रेमवाल्याने तेरा मुद्द्यांची उत्तरं दिली. चौदावा मुद्दा असा होता: पंचवीस प्रती झाल्यावर सव्विसावी निघणार नाही, याची हमी कोण देतं?

"ज्या बाईंनी काढलंय त्या देतात," फ्रेमवाला म्हणाला.

"पुरावा?"

"त्यांनी तसं सांगितलंय."

"पत्रा कुठे आहे?"

"त्यांच्याकडेच असणार."

"म्हणजे त्यांनी मनात आणलं तर उद्या आणखी पन्नास काढतील. मग आमची अकरावी प्रत पंचवीसपैकी अकरावी राहील का?"

फ्रेमवाल्याने पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा कानावर ठेवली, आणि पत्ता लिहून दिला.

चित्रकार बाई सत्तरीच्या होत्या. नखांत शाई, अंगावर डागांनी कडक झालेला एप्रन. खोलीच्या मध्यावर दाबयंत्र होतं, आणि त्याचं चाक त्यांच्या उंचीएवढं. साहेब आणि त्यांची बायको असे दोघं पाहुणे आलेले पाहून त्यांना बरं वाटलं. लोक चित्र घेतात, पण काढणाऱ्याला भेटायला कोणी येत नाही, असं त्या म्हणाल्या. साहेबांनी आपण कोण ते सांगून पत्रा बघायला मागितला. त्यांनी मऊ कापडातून पत्रा काढून दिला. साहेब लगेच त्याची लांबी, रुंदी आणि जाडी मोजू लागले.

चित्रकार बाईंनी मग बायकोला खिडकीजवळ नेऊन बसवलं. "तुम्हाला का आवडलं हो ते?" त्यांनी विचारलं.

बायको सांगू लागली. ती बराच वेळ सांगत होती, हलक्या आवाजात, मध्येच थांबून, हातांनी काहीतरी दाखवत. चित्रकार बाई मान हलवत होत्या. मध्येच एकदा त्यांनी बायकोचा हात धरला आणि दोघी हसल्या. एकदा बायकोने डोळे पुसले. साहेब त्या वेळी पत्र्याची जाडी तिसऱ्यांदा मोजत होते. पहिल्या दोन मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक येत होता, त्यामुळे तिकडचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं नाही.

"हा पत्रा रद्द करावा लागेल," मोजून झाल्यावर साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"पुस्तकात तशी पद्धत दिलीय. आवृत्ती पूर्ण झाली की पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन ओरखडे मारायचे. फुलीसारखे. म्हणजे पुढे कोणाला छापता येत नाही."

"ठाऊक आहे मला ती पद्धत," चित्रकार बाई म्हणाल्या. "हात होत नाही म्हणून राहिलंय. आठ महिने खपले होते मी त्या पत्र्यावर. पण सव्विसावी निघणार नाही. माझा शब्द आहे."

"शब्दावर शिक्का मारता येत नाही, बाई."

"अहो, राहू द्या ना," बायको म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना. मला नकोय तसलं काही."

"तुला यातलं कळत नाही. उद्या कोणी म्हणालं तर?"

हे 'उद्या कोणी म्हणालं तर' फार जालीम आहे. त्यापायी आपल्यापैकी अनेकांनी नको ती शिक्षणं घेतली, नको ते सोफासेट घेतले, आणि काहींनी लग्नंही केली. चित्रकार बाई थोडा वेळ बायकोकडे बघत राहिल्या. हे चित्र हिच्याच घरी गेलं पाहिजे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी टोकदार हत्यार उचललं आणि तांब्यावरून एक ओरखडा मारला. मग दुसरा. बायकोने तोंड खिडकीकडे फिरवलं. साहेबांनी डायरीत लिहिलं, 'पत्रा माझ्या समक्ष रद्द केला. वेळ ११.४०.'

आता सगळं यथासांग झालं होतं. अकरावी प्रत पंचवीसपैकी अकरावीच राहणार होती. चित्रकार बाईंनी स्वहस्ताक्षरात प्रमाणपत्र दिलं, तेही साहेबांच्या आग्रहावरून शाईच्या पेनने. फ्रेमवाल्याने फ्रेम करू का विचारलं. साहेब म्हणाले, आधी घरी नेऊन अंतिम तपासणी करतो. बायकोने रस्ताभर ती गुंडाळी तान्ह्या बाळासारखी दोन्ही हातांत धरली होती.

अंतिम तपासणीत एक गंभीर त्रुटी आढळली.

त्रुटी अशी, की चित्र वेगळं आणि प्रमाणपत्र वेगळं. दोन सुटे कागद! हे प्रमाणपत्र उद्या कोणी भलत्याच चित्राला जोडलं, किंवा हे चित्र प्रमाणपत्रावाचून सापडलं, तर? साहेबांनी प्रमाणपत्र चित्राच्या पाठीवर चिकटवलं. पण चिकटवलेलं उकलताही येतं. खात्यात अशा वेळी एकच उपाय असतो. शिक्का ऑफिसच्या बाहेर न्यायला साक्षांकन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. साहेबांनी तसा अर्ज साक्षांकन अधिकाऱ्यांकडे केला होता, आणि साक्षांकन अधिकाऱ्यांनी तो विशेष बाब म्हणून मंजूर केला होता. शिक्का पिशवीतच होता.

बायको आत चहा करत होती. साहेबांनी टेबल पुसलं, चित्र सुलट अंथरलं, आणि भिंगाने इंच इंच तपासून शिक्क्यासाठी योग्य जागा शोधली. शिक्का रेघांवर पडला असता तर अक्षरं नीट उठली नसती. त्यांना एक मोकळी जागा सापडली. रेघ नाही, डाग नाही, काही नाही. शिक्का बसवून बाजूने सही करायलाही पुरेल एवढी ऐसपैस. साहेबांनी शाईच्या गादीवर शिक्का दोनदा टेकवला आणि दाबला. शेजारी घोटीव अक्षरात लिहिलं, 'मूळ प्रतीवरून पडताळले'. सही केली. तारीख टाकली. तीस वर्षांच्या नोकरीत एवढा ठसठशीत शिक्का क्वचित उठला होता.

बाई चहा घेऊन आल्या. कप त्यांनी टेबलावर ठेवले नाहीत. हातात तसेच धरून त्या चित्राकडे बघत उभ्या राहिल्या.

"आता कोणाची बिशाद नाही," साहेब म्हणाले.

"हे काय केलंत?"

"अगं, कोऱ्या जागेत मारलाय. एका रेघेलाही धक्का लागलेला नाही. भिंगाने बघ हवं तर."

"ती कोरी जागा नव्हती हो." बाईंचा आवाज ओरडण्याचा नव्हता. चौकशीच्या खिडकीतून एखाद्याला शेवटची गाडी गेली हे सांगावं, तसा होता. "त्या जागेसाठीच तर घेतलं होतं मी ते."

साहेबांनी शिक्क्याकडे पाहिलं. तिथे आता खात्याचं बोधचिन्ह होतं, त्याभोवती गोल अक्षरं होती, आणि त्यांची सही.

"कशातली होती ती जागा?" बाईंनी विचारलं.

"अं?"

"जागा मोकळी होती, बरोबर आहे. पण कशातली? आजूबाजूला काय होतं?" बोलता बोलता त्यांनी कप खाली ठेवले आणि चित्र उचलून पालथं केलं. "तीन आठवडे तुम्ही त्या चित्रापाठी आहात. मला एवढंच सांगा, चित्रात काय आहे?"

साहेब लगेच म्हणाले, "तांब्याचा पत्रा, अठ्ठावीस सेंटिमीटर बाय एकोणीस. कागद शंभर टक्के कापसाचा. दाबाची खोली—"

"चित्रात."

"पंचवीसपैकी अकरा. सही उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने."

"अहो, चित्रात!"

साहेबांनी फाइल उघडली. त्रेचाळीस पानं, दोन तक्ते, एक नकाशा. कागदाच्या वजनाची नोंद होती, पत्र्याच्या जाडीची तीन मापं होती, फ्रेमवाल्याच्या उत्तरांची नक्कल होती. ते पान पान उलटत गेले. मग उलट बाजूने उलटत आले. आपण ते चित्र दुकानात पाहिलं, भिंगाखाली पाहिलं, त्याचा इंच न् इंच तपासला, आणि आपल्याला काहीच आठवत नाही, हे ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मनापासून लाज वाटली. तीही नुसत्या या चित्रापुरती नव्हती. दिवसाला दोनशे, असे किती कागद झाले असतील, हा हिशेब डोक्यात यायला लागला, तो त्यांनी तिथेच थांबवला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग आठवेल तेव्हा सांगा," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी ते सुलट लावीन. शिक्क्यासकट."

आणि त्यांनी ते चित्र फ्रेम करवून आणलं आणि, तोंड भिंतीकडे करून, त्या खिळ्याला टांगलं. फ्रेमवाल्याने तशीच उलटी फ्रेम करून दिली. असली ऑर्डर त्याला पहिल्यांदाच आली होती, पण त्याने काही विचारलं नाही.

बाई घरी नसताना चित्र उलटून बघणं साहेबांना अशक्य नव्हतं. दोनदा ते स्टुलावर चढलेही. पण बघून सांगायचं म्हणजे नक्कल मारण्यासारखंच झालं, आणि बायकोच्या डोळ्यांत बघून नक्कल खपवायची त्यांची छाती होईना. दोन्ही वेळा ते तसेच खाली उतरले. शेवटी ते एकटेच चित्रकार बाईंकडे गेले. आणखी एक प्रत मिळेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

चित्रकार बाईंनी मऊ कापडात गुंडाळलेला पत्रा दाखवला, उघडला मात्र नाही. "पंचविसांशिवाय दोन प्रती कलाकाराच्या स्वतःच्या असतात, त्या आकड्यात धरत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्या काढायच्या राहिल्या होत्या. त्यातली एक मी तुमच्या मिसेसना तशीच देणार होते. त्या दिवशी खिडकीत बसल्या होत्या ना, तेव्हाच ठरवलं होतं मी."

"त्या दिवशी बोलला असता तर—"

"बोलणार होते. तुम्ही माप घेत होतात."

साहेब उठले. दारात थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "बाई, त्यात आहे तरी काय?"

"ते मी कसं सांगू?" चित्रकार बाई म्हणाल्या. "काढायचं काम माझं होतं. मी केलं."

चित्र अजून त्या खिळ्यावर आहे. घरी येणारे पाहुणे त्याच्यासमोर थांबतात, पाठीवरचं प्रमाणपत्र वाचतात आणि 'वा' म्हणतात. मेहुणा स्वतःचं भिंग घेऊन आला होता. त्याने प्रमाणपत्राचं अक्षर न् अक्षर तपासलं, "ठिपके नाहीत, दाजी. अस्सल आहे," असा निर्वाळा दिला, आणि मग सगळे जेवायला बसले. कोणी किंमत विचारतं, कोणी पुढे वाढेल का ते विचारतं. फ्रेम सुलटी करून दाखवा, असं अजून तरी कोणी म्हणालेलं नाही. साहेब रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या पाठीकडे बघत बसतात आणि आठवायचा प्रयत्न करतात. शेजारी बाई बसतात आणि वाट बघतात. आताशा साहेब ऑफिसात मूळ प्रत मागून बघायला लागलेत. त्यामुळे दिवसाला जेमतेम चाळीस कागद होतात, आणि त्यांच्या संथ कामाबद्दल वरून खुलासा मागवण्यात आला आहे.

प्रस्तुत लेखकही या गोष्टीसाठी टाचणं काढायला त्या घरी जाऊन आला. साहेबांनी फाइल दाखवली. लेखकाने खिळ्याचं वय टिपलं, पत्र्याची मापं टिपली, पत्रा रद्द केल्याची वेळसुद्धा टिपली. निघताना बाईंनी, जुन्या सवयीने, विचारलं, "आणखी काही विचारायचं राहिलं का?"

"नाही नाही," लेखक म्हणाला. "सगळं मिळालं."

बाई नुसत्या हसल्या. लेखक खाली रस्त्यावर पोहोचला, तेव्हा त्या का हसल्या ते त्याच्या लक्षात आलं. पण परत वर जायचं म्हणजे तीन जिने.

म्हणून आता भिस्त तुमच्यावर आहे. तुम्ही तर सुरुवातीपासून सगळीकडे हजर होतात. दुकानात होतात, चित्रकार बाईंच्या खोलीत होतात, शिक्का पडला तेव्हा टेबलाशी होतात, आणि साहेबांना हसतही होतात. चित्रात काय होतं, तेवढं एका कार्डावर लिहून साहेबांना कळवा. बाई चित्र सुलट लावतील. आणि आपण तरी कुठे विचारलं, असं आत्ता तुमच्या मनात आलं असेल, तर शिक्का अजून साहेबांच्या पिशवीतच आहे. तुम्ही ही गोष्ट वाचल्याचं ते साक्षांकित करून देतील.